गादी नाही, महंत नाही : पवनारात विनोबांनी उभं केलेलं बहिणींचं घर

पवनार : वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की आठेक किलोमीटरवर धाम नदीचा पूल लागतो. नदीकाठच्या उंचवट्यावर आश्रम आहे. कुणी त्याला परंधाम म्हणतं, कुणी पवनार आश्रम, कुणी नुसतंच विनोबांचा आश्रम. कागदोपत्री नाव ब्रह्मविद्या मंदिर. हा आश्रम विनोबांनी स्वतःसाठी काढला नव्हता, बायांसाठी काढला होता, ही गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्यातल्याही बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. विनोबा म्हटलं की भूदान आठवतं, फार तर गीताई. शाळेच्या पुस्तकातही तेवढंच. पण भूदानासाठी विनोबा देशभर फिरले, आणि पवनारात त्यांनी जे केलं ते आजही आपल्या दाराशी आहे. म्हणून ही गोष्ट त्या बाजूने सांगायची.

सुरुवात त्यांच्या आईपासून करावी लागते.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कोकणातल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. वडील नरहरराव बडोद्याला नोकरीला, त्यामुळे शिक्षण तिकडे झालं. आई रुक्मिणीबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण घरात देवधर्माचा आणि वैराग्याचा वारा त्यांच्यामुळेच होता. मुलगा लग्न नको म्हणतो, मीठ सोडतो, अनवाणी हिंडतो, हे बघून आपण पुरुष असतो तर खरं वैराग्य काय असतं ते दाखवलं असतं, अशा अर्थाचं त्या बोलत. विनोबांनी हे आयुष्यभर लक्षात ठेवलं. या माउलीच्या तिन्ही मुलांनी, विनोबा, बाळकोबा आणि शिवाजीराव यांनी, जन्मभर ब्रह्मचर्य पाळलं. जे तिला करता आलं नाही ते तिच्या पोरांनी केलं. पण पोरांनीच का? लेकींनी का नाही? हा प्रश्न तिथेच पडून राहिला होता.

२५ मार्च १९१६ ला विनायक इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाला आणि सुरतेला उतरून काशीची गाडी धरली. शाळेचे दाखले त्याआधीच त्याने आईच्या समोर चुलीत घातले होते. काशीत असताना गांधीजींचं हिंदू विश्वविद्यालयातलं भाषण वर्तमानपत्रात वाचलं, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात भेट झाली. पुढचं सगळं त्या भेटीतून निघालं. १९१८ मध्ये आई गेली. अंत्यविधी भटजींकडून करायचा ठरल्यावर विनोबा स्मशानात गेले नाहीत. त्या दिवशी वेद वाचायला बसले.

वर्ध्याला ते आले ८ एप्रिल १९२१ ला. जमनालाल बजाजांनी गांधीजींकडे आश्रमासाठी माणूस मागितला होता. तेव्हापासून विनोबा आपल्या जिल्ह्याचे झाले. आईला संस्कृत गीता कळत नव्हती. मराठी भाषांतर आणून दिलं तर तेही तिला जड गेलं, तेव्हा तिने तूच कर म्हणून सांगितलं होतं. ती गेल्यावर बारा वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, विनोबांनी गीताई रचली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गीतेवर बोलले, ते साने गुरुजींनी उतरवून घेतलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडीला दलित वस्तीत राहायला गेले आणि सुतावर मिळेल तेवढ्यातच भागवायचं असं ठरवून बसले. त्यात तब्येत पार खालावली. गांधीजींनी विश्रांतीसाठी कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितलं. विनोबांनी पवनार निवडलं!

७ मार्च १९३८. जमनालालजींचा धामकाठी एक रिकामा बंगला होता, तिथे ते आले. पूल ओलांडताना मनातली सगळी कामं सोडून दिल्याचा संकल्प केला, असं ते पुढे सांगत. धामच्या पलीकडचं म्हणून जागेचं नाव परंधाम. व्यायाम म्हणून वावरात रोज थोडं खोदायचे. खोदता खोदता जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातलं एक शिल्प भरत आणि रामाच्या भेटीचं आहे, ते आश्रमात पुजलं जातं. पवनार म्हणजे वाकाटकांचं प्रवरपूर असं वा. वि. मिराशी यांचं मत होतं. काही अभ्यासक ते मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. तो वाद त्यांच्यात राहू द्या. मातीखाली जुनं काहीतरी होतं एवढं खरं.

याच गावातून १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि देशाला त्यांचं नाव कळलं. तुरुंगवाऱ्या झाल्या. १९४६ पासून ते पवनारहून शेजारच्या सुरगावला रोज चालत जाऊन मैलासफाई करत. फावडं खांद्यावर टाकून जायचे, वीसेक महिने हे चाललं. मग पैशाशिवाय जगायचा प्रयोग झाला, कांचनमुक्ती. बैल न लावता शेती, विहिरीवरचा रहाट माणसांनीच फिरवायचा आणि फिरवताना प्रार्थना म्हणायची. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. ओलीत म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे तो रहाट हाताने फिरवायला सहज तयार होणार नाही.

८ मार्च १९५१ ला विनोबा पवनारहून पायी हैदराबादकडे निघाले, आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिले. त्या भूदानयात्रेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. चाळीस लाख एकरांहून जास्त जमिनीची दानपत्रं झाली, त्यातली बरीच जमीन पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही खरं. आपल्या विषयाला लागते ती या यात्रेतली दुसरीच गोष्ट. चालणाऱ्यांत मुली होत्या. महादेवीताई होत्या, नागपूरच्या निर्मला देशपांडे होत्या, कुसुम देशपांडे होत्या. पहाटे अंधारात कंदील घेऊन निघायचं, रोज नवं गाव, घरदार मागे. ज्या काळात मुलीला एकटीने बाजारात पाठवत नव्हते त्या काळात या पोरी बिहार, ओडिशा, तमिळनाडू पायी तुडवत होत्या. यात्रा संपली की यांनी जायचं कुठे?

संन्यास घेतलेल्या बाया आपल्या भागाला नव्या नव्हत्या. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभावांचं मोठं स्थान. चक्रधरांनी तेराव्या शतकातच बायांना दीक्षेचा रस्ता मोकळा केला होता, महदंबा त्याच परंपरेतली. जैन साध्व्या आहेत, बौद्धांच्या भिक्षुणी होत्या, ख्रिस्ती सिस्टर्सची कॉन्व्हेंट्स तर नागपुरात कितीतरी वर्षांपासून आहेत, दवाखाने आणि शाळा चालवतात. विनोबांनी या सगळ्यांचा विचार केलेला होता. महावीरांनी स्त्रियांना दीक्षा दिली याचं त्यांना मोठं कौतुक. पण बहुतेक ठिकाणी वर कुणी ना कुणी गुरू, आचार्य किंवा बिशप असतोच, आणि तो पुरुष. विनोबांचं म्हणणं असं की शंकराचार्यांच्या तोडीची, स्वतः शास्त्र सांगणारी बाई जोवर निघत नाही तोवर स्त्रीची सुटका अर्धीच. आणि अशी बाई एकटीने निघायची नाही. त्यासाठी बायांनी मिळून साधना करायला हवी.

म्हणून २५ मार्च १९५९ ला पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. तारीख बघा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी याच दिवशी त्यांनी स्वतः घर सोडलं होतं. गंमत म्हणजे तेव्हा विनोबा पवनारात नव्हते, पदयात्रेत होते. ते परतले १९६४ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे पहिली पाच वर्षं बहिणींनी आपलं आपण निभावलं. माझ्या मते या आश्रमाचा कणा त्या पाच वर्षांत तयार झाला. म्हातारा समोर बसला असता तर प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारली गेली असती.

नियम साधे, पण पाळायला कठीण. नोकर नाही. स्वयंपाक, झाडलोट, संडाससफाई, गोठा, वावरातलं निंदण-खुरपण, सगळं बहिणींच्याच हातचं. पहाटे ईशावास्य उपनिषद, सकाळी साडेदहाला विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं. विनोबांनी रचलेल्या नाममालेत विष्णू आणि रुद्राबरोबर येशू आणि रहीमही येतात. मैत्री हे हिंदी मासिक बहिणींनी चालवलं, आश्रमाच्याच छापखान्यात छापलं. कुणी आसामची, कुणी कर्नाटकची, कुणी गुजरातची. विनोबांचे काही जुने पुरुष सोबतीही इथे राहिले, पण घर बहिणींचं. मठाधिपती नाही, संचालिका नाही. निर्णय सर्वानुमते. एकीचं जरी मन वळलं नाही तरी काम थांबतं. ग्रामपंचायतीच्या सभेला जे जाऊन आलेत त्यांना यातली मेहनत सांगायला नको.

धर्माच्या भिंती विनोबांनी बाहेरही ओलांडल्या होत्या. १९५८ मध्ये ते पंढरपूरच्या मंदिरात दुसऱ्या धर्माच्या सोबत्यांना घेऊन गेले. कुराण-सार काढलं, ख्रिस्तधर्म-सार काढलं. लान्झा देल वास्तो नावाचा इटलीचा कॅथलिक साधक वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेला होता, गांधीजी त्याला शांतिदास म्हणत. त्याने फ्रान्समध्ये अशीच श्रम आणि प्रार्थनेवर चालणारी वसाहत उभी केली आणि १९५४ मध्ये परत येऊन विनोबांबरोबर पायी चालला.

१९७० च्या ऑक्टोबरात विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनार सोडायचं नाही असं ठरवलं. त्यानंतरची वर्षं वादाची. जयप्रकाशांच्या आंदोलनावरून सर्वोदयात फूट पडली. डिसेंबर १९७४ पासून वर्षभर विनोबा मौनात होते, त्यातच आणीबाणी आली. त्यांनी लिहिलेल्या दोन शब्दांचा सरकारने आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि विरोधकांनी त्यांना सरकारी संत ठरवलं. विनोबांनी तेव्हा स्पष्ट बोलायला हवं होतं असं वाटणारे लोक वर्ध्यातही कमी नव्हते, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण १९७६ च्या जूनमध्ये गोहत्याबंदीसाठीच्या उपोषणाची बातमी छापली म्हणून पोलिसांनी मैत्रीचा अंक जप्त केला तो याच आश्रमातून. सरकारी म्हणून हिणवलेल्या आश्रमात बहिणींनी छापलेलं मासिक सरकारनेच उचलून नेलं, हे सहसा कुणी सांगत नाही.

नोव्हेंबर १९८२ च्या सुरुवातीला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. थोडं बरं वाटत असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध बंद केलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी ते गेले. धामच्या काठी अंत्यसंस्कार झाले, पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या होत्या. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थीही याच धामच्या पाण्यात सोडल्या होत्या, त्याची आठवण म्हणून दर १२ फेब्रुवारीला सर्वोदय मेळा भरतो.

आपल्याकडे महाराज गेले की दुसऱ्या दिवशी गादीचा प्रश्न निघतो, तिसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज. पवनारात गादीच ठेवलेली नव्हती. बहिणींनी पूर्वीसारखंच एकत्र बसून ठरवणं चालू ठेवलं. विनोबांची आत्मकथा म्हणावी असं अहिंसेची खोज हे पुस्तक कालिंदीताईंनी त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातून जुळवलं, तेही इथलंच काम. आता बऱ्याच बहिणींची वयं झाली आहेत आणि नव्या मुली पूर्वीसारख्या येत नाहीत. पुढे कसं, असं येणारे विचारतात. दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्याला मित्रमिलन असतं, देशभरातले जुने सोबती येतात. इतर दिवशी सकाळी साडेदहाला कुणीही जाऊन सहस्रनामाला मागे बसू शकतं.