अर्ध्या तासाची उसंत

स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक पदक कोणी आणले, असे विचारले तर मराठी घरातले शाळकरी पोरही खाशाबा जाधवांचे नाव सांगते. २३ जुलै १९५२, हेलसिंकी, बँटमवेट गट, कांस्यपदक, एवढा तपशीलही पुष्कळांना पाठ असतो. पण त्या पदकामागे अर्ध्या तासाची एक गोष्ट आहे. तो अर्धा तास खाशाबांना मिळाला असता तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता, अशी हळहळ आपल्याकडे गेली कित्येक वर्षे व्यक्त होते. त्या अर्ध्या तासात माणसाच्या शरीरात नेमके काय घडते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. माझी उभी हयात डोंबिवलीच्या शाळेत शास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे मला ही गोष्ट त्या दुसऱ्या बाजूनेच दिसते. आज खाशाबांचे चरित्र त्याच अंगाने सांगावेसे वाटते.

तांबड्या मातीतले पोर

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच मुलांतले खाशाबा सर्वांत धाकटे. घरात शेती आणि कुस्ती या दोनच गोष्टी मुख्य. त्यामुळे अक्षरओळख आणि डावपेच यांचे शिक्षण जवळजवळ एकदमच सुरू झाले. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले. ४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटला, तेव्हा भूमिगतांना आसरा देणाऱ्यांत हा कोवळा मुलगाही होता.

नंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय देऊन खासबागेचे मैदान बांधलेले ते शहर. तालमींत ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती. पहाटे उठून जोर, बैठका, मग लढत, मग अंगाला माती लावून पडून राहणे. वस्तादांनी शरीरशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नसेल. पण या दिनक्रमात शास्त्र पुरेपूर होते. शेकड्यांनी मारलेल्या संथ बैठकांनी हृदय व फुप्फुसे तयार होत. लढतीतल्या क्षणभराच्या झटापटींनी स्नायूंना एकदम जोर काढण्याची सवय लागे. आणि मातीत निपचित पडून राहणे हा आळस नव्हता. तोही व्यायामाचाच भाग होता. या तिसऱ्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष ठेवावे.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. तिथे माती नव्हती, गादी होती, नियमही वेगळे. तरीही फ्लायवेट गटात या बावीस वर्षांच्या मुलाने सहावा क्रमांक मिळवला. मातीतला पाय गादीवर ठरला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

सुब्बारावांचा शोध

लंडनचे ते ऑलिम्पिक चालू असतानाच, ऑगस्ट १९४८ मध्ये, न्यूयॉर्कला दुसऱ्या एका भारतीयाने अखेरचा श्वास घेतला. त्यांचे नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा हा मनुष्य १९२३ साली अमेरिकेत गेला आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करू लागला. १९२७ मध्ये या दोघांनी स्नायूंतले फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य उजेडात आणले. पाठोपाठ एटीपी हे द्रव्यही त्यांना सापडले. जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते १९२९ मध्ये स्वतंत्रपणे सापडले होते. खाशाबा आणि सुब्बाराव यांची कधी गाठ पडली नाही. पण खाशाबांच्या दंडात जे घडत होते ते समजावून सांगण्याची किल्ली सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती.

आपल्या घरखर्चाशी ताडून पाहिले की हा विषय सोपा होतो. स्नायूला चालणारे नाणे एकच, एटीपी. पण हे नाणे खिशातल्या मोडीसारखे असते. जोरात काम केले की दोन-तीन सेकंदांत संपते. मग कामाला येते फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे. ताबडतोब हाती येतात, पण दहा सेकंदांच्या आसपास डबाही रिकामा होतो. तिसरी सोय उसनवारीची. स्नायूतली साखर प्राणवायूची वाट न पाहता घाईघाईने फोडायची. मिनीट-दोन मिनिटे यावर निभावते. मात्र व्याज चढते: लॅक्टेट साठते, स्नायूत आम्लता वाढते, मांड्या भरून येतात, हात ऐकेनासे होतात. चौथा मार्ग पगाराचा. श्वासातून आलेल्या प्राणवायूवर साखर आणि चरबी सावकाश जाळायची. मिळकत संथ, पण खात्रीची आणि तासन् तास पुरणारी.

शाळेत हे शिकवताना मी फळ्यापेक्षा डोंबिवली स्टेशनच्या पुलाचाच आधार घेत असे. गाडी लागलेली दिसते आणि आपण धाव घेतो. पहिली झेप मोडीवर आणि डब्यावर. पुलाच्या पायऱ्या चढून पलीकडे उतरेपर्यंत उसनवारी सुरू झालेली असते. मांड्यांतली आग ही तिचीच. गाडी मिळते, आपण दांडीला धरून स्वस्थ उभे राहतो, आणि तरीही कोपर जाऊन दिवा येईपर्यंत छातीचा भाता थांबत नाही. धावणे संपले, मग धाप कशाची? तर ती परतफेड असते. रिकामा डबा भरायचा असतो, उसने फेडायचे असते आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. त्याच वेळी ठाण्याला तलावपाळीवर गप्पा मारत फेऱ्या घालणारे आजोबा तासभर चालूनही ताजेतवाने असतात, कारण त्यांचा सगळा खर्च पगारातून चाललेला असतो.

घर गहाण पडले

कुस्ती हा या चारही खात्यांवर एकदम हात मारणारा खेळ आहे. पट काढताना मोड आणि डबा, पकड धरून ठेवताना उसनवारी, आणि कुस्ती लांबली की पगार. आज फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती असते. खाशाबांच्या काळी ऑलिम्पिकची लढत पंधरा मिनिटांची असे.

हेलसिंकीला जाण्याआधीच त्यांना वेगळ्या कुस्त्या खेळाव्या लागल्या. निवडीत डावलले गेल्याची त्यांची भावना होती. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून त्यांनी पुन्हा लढत मिळवली आणि जिंकली, असे सांगतात. मग पैशांचा प्रश्न आला. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य हा त्या पदकाचा अर्धा धनी आहे, असे मला नेहमी वाटते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. लढत लांबली आणि खाशाबा हरले. घामाने निथळत ते गादीवरून उतरतात न उतरतात तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असे खाशाबांच्या चरित्रात वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

त्या अर्ध्या तासात

आता तो न मिळालेला अर्धा तास मिनिटामिनिटाने पाहू. पैलवान बसतो. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच फॉस्फोक्रिएटिनचा डबा निम्म्याच्या आसपास भरतो. चार-पाच मिनिटांत बहुतेक भरून निघतो. म्हणजे क्षणात पट काढण्याची, झोळी मारण्याची ताकद आधी परत येते. हृदयाचे ठोके उतरतात. रक्ताचा मोठा वाटा, जो श्रमाच्या वेळी स्नायूंकडे वळलेला असतो, तो पुन्हा इतर अवयवांकडे जाऊ लागतो. स्नायूंनी वापरलेल्या शक्तीचा चौथा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो आणि उरलेल्याची उष्णता होते. ती घामावाटे निघून जायला वेळ लागतो.

लॅक्टेटचे काम अधिक सावकाशीचे. ते निम्म्यावर यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. गंमत अशी की ज्याला आपण इतकी वर्षे विष समजत आलो ते लॅक्टेट विष नाहीच. हृदय ते इंधन म्हणून जाळते, यकृत त्याची पुन्हा साखर बनवते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते तेही त्याच्यामुळे नव्हे. ती स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांची दुखी असते. त्रास देतात ती त्याच्या सोबतीने वाढलेली आम्लता आणि साठलेले फॉस्फेट. त्यांनाही निचऱ्यासाठी वेळच हवा असतो. स्वस्थ बसण्यापेक्षा थोडे चालत राहिले तर हा निचरा लवकर होतो. आणि स्नायूंतला साखरेचा साठा पुरा भरायला तर पोटभर जेवण आणि सुमारे एक दिवस लागतो.

म्हणजे ज्या कोणी अर्ध्या तासाचा नियम केला, त्याने शरीराचा हिशेब जाणला होता. तेवढ्या वेळात माणूस पहिल्यासारखा होत नाही, पण लढण्याजोगा होतो. खाशाबा त्या दुसऱ्या कुस्तीत उतरले तेव्हा त्यांच्या अंगात डावांची कमतरता नव्हती की जिद्दीची. डबा रिकामा होता आणि उसने फेडलेले नव्हते. अशा वेळी मन कितीही हाका मारो, स्नायू ओ देत नाही. उसंत घेतली असती तर ते जिंकलेच असते असे मी म्हणणार नाही. समोरचा मल्लही जगातला दुसरा होता. पण ती कुस्ती बरोबरीची झाली असती, एवढे शास्त्र नक्की सांगते.

गाडी थांबली नाही

खाशाबा परतले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. माणूस कसा होता, हे यावरून कळावे. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातीत कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. वैयक्तिक पदकाची पुनरावृत्ती व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवले, तेव्हा मध्ये ४४ वर्षे गेली होती. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले. हेलसिंकीत त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस उशिरा का होईना यायला हवा होता, तो असा फार उशिरा आला.

ही हकिकत मी आज सांगतो याला कारण आहे. कल्याण-भिवंडीकडच्या गावजत्रांत आजही कुस्त्यांचे फड रंगतात. ठाण्यात, डोंबिवलीत गल्लोगल्ली व्यायामशाळा निघाल्या आहेत. पहाटे शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी मैदान, रात्री गृहपाठ अशी धावणारी मुले मी रोज पाहतो. आठवडाभर लोकलमध्ये उभे राहून रविवारी एकदम येऊरचा डोंगर चढायला निघणारे त्यांचे वडीलही पाहतो. यांपैकी कोणाचीही जिद्द कमी नाही. पण दोन श्रमांच्या मधल्या वेळाला आपल्याकडे मान नाही. थांबलेला मुलगा आपल्याला आळशी वाटतो. शरीराच्या दृष्टीने मात्र ताकद वाढते ती जोर मारताना नव्हे, जोर मारून झाल्यावर, विसाव्यात, जेवणात आणि झोपेत. गोळेश्वरच्या तालमीत मातीत पडून राहणाऱ्या पोराला हे कोणी न सांगता ठाऊक होते.

ते न कळण्याची किंमत हेलसिंकीत एका थोर मल्लाने मोजली, आणि चूक त्याची नव्हती. अर्धा तास मागणे ही सवलत नव्हती, नियमाने आणि निसर्गाने दिलेला तो हक्क होता. आपल्या घरातले पोर खेळून दमून आले, तर आधी त्याला पाणी द्यावे, जवळ बसवावे आणि गुण किती पडले हे नंतर विचारावे. तेवढा वेळ त्याच्या बाजूने आपणच उभे राहायचे असते.