कान थकले, तरी सूर सुटेना

माझी आत्या सतार फार गोड वाजवायची. साठीनंतर तिचे कान थकले, तशी तिने सतार गवसणीत घालून माळ्यावर टाकली. तिला समजवायला म्हणून मी बीथोवेनचं चरित्र वाचायला घेतलं आणि त्यात मला नॅनेट श्ट्रायखर भेटली.

बीथोवेन १७७० साली जर्मनीतल्या बॉनमध्ये जन्मला आणि व्हिएन्नात नावारूपाला आला. पण तिशीच्या आधीच त्याचं ऐकणं कमी होऊ लागलं. लोकांना कळेल म्हणून तो चारचौघांत जायचं टाळायचा. १८०२ साली त्याने भावांसाठी एक कागद लिहिला. जीव नकोसा झाला होता, पण संगीताने त्याला धरून ठेवलं.

पियानोच्या आत ताणलेल्या तारा असतात, त्यांवर छोटे हातोडे पडतात. नॅनेट ही पियानो बनवणाऱ्या बापाची लेक. व्हिएन्नातला कारखाना ती स्वतःच्या नावावर चालवायची. १८१७ साली बीथोवेनने तिला पत्र लिहिलं, की तुमच्या यजमानांना सांगून एक पियानो माझ्या अधू कानांसाठी होईल तितका मोठ्या आवाजाचा करून द्या. त्याच सुमारास त्याचं धुणं, नोकर-चाकर, घरखर्च यांतही तीच लक्ष घालायची. एवढा मोठा कारखाना सांभाळून, बरं का!

१८१८ मध्ये लंडनच्या ब्रॉडवूडने भेट पाठवलेला दणकट पियानो त्याच्याकडे आला. १८२० साली नॅनेटच्याच भावाने त्यावर बसवायला घुमटासारखं आवरण केलं. आवाज इकडेतिकडे न जाता वाजवणाऱ्याकडे यावा, ही त्यामागची युक्ती. पुढे कॉनराड ग्राफने त्याला दिलेल्या पियानोत बहुतेक सुरांना तीनऐवजी चार तारा होत्या.

कान काही परत आले नाहीत. तरी १८२४ साली नववी सिंफनी झालीच. टाळ्या त्याला ऐकू येईनात, तेव्हा म्हणे एका गायिकेने त्याला प्रेक्षकांकडे वळवलं. १८२७ साली तो गेला.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. मग आम्ही सतारीच्या तबलीला चिकटवायचा छोटा पिकअप आणला आणि स्पीकरला जोडला. वरचे सूर तिला अजून नीट कळत नाहीत, खर्ज मात्र कळतो. परवा दुपारी ती तासभर तेवढंच वाजवत बसली होती. चहा गार झाला, तरी मी हाक मारली नाही.