तुकोबांना सोबत घेऊन येशूकडे गेलेले कवी: ना. वा. टिळक कोण होते?

नांदेड-लातूरकडे अभंग म्हटला की विठ्ठल आठवतो. पण अभंगातूनच येशूला आळवणारे एक कवी होऊन गेले: रेव्हरंड नारायण वामन टिळक.

जन्म १८६१चा, कोकणातल्या ब्राह्मण घरातला. १८९३मध्ये रेल्वेत भेटलेल्या एका परदेशी प्रवाशाने त्यांना बायबलचा 'नवा करार' दिला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येशूच्या करुणेने त्यांना ओढून घेतलं, पण या निर्णयाची सर्वात मोठी झळ घरालाच बसली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं पंढरपूरला नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. पुढे दोघं एकत्र आले आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी धर्म बदलला, तुकोबा सोडले नाहीत. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानत. चर्चमध्ये त्यांनी भजन-कीर्तन रुजवलं. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती.

९ मे १९१९ला ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनीच. टिळकांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.