गॅस संपलाय की हवा अडलीये?

गाडीचा एसी बिघडला की आपण पुरावे न बघताच निकाल देऊन मोकळे होतो. एसीचा जनक विलिस कॅरियर मात्र आधी प्रश्नाचे तुकडे करायचा. त्याची गोष्ट वाचलीत, तर पुढच्या वेळी गॅरेजचं बिल भरण्याआधी दोन प्रश्न विचाराल.

मे महिना. घरची गाडी मागून घेतलीये, मागे तिघं कोंबलेत, एसी फुल्लवर आहे. ब्लोअर नुसता घरघरतोय, व्हेंटसमोर हात धरला तर हवा जेमतेम. मागच्या सीटवरून निदान येतंच, गॅस संपला असणार! मग गॅरेज, गॅस, बिल. आणि चार दिवसांनी हवा पुन्हा जेमतेमच.

आता विचार करा. गॅसचं काम हवा गार करण्याचं. हवा ढकलण्याचं काम पंख्याचं. हवाच येत नसेल, तर गॅस भरून काय होणार? इतका साधा फरक आपल्या डोक्यात येत नाही, कारण एसी म्हणजे गारवा असं समीकरण पक्कं बसलंय. ज्या माणसानं एसी जन्माला घातला, त्याच्या डोक्यात मात्र सुरुवातीला गारवा नव्हताच.

सफरचंदाचे तुकडे

विलिस हॅविलंड कॅरियरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६चा. गाव अँगोला. आफ्रिकेतला देश नव्हे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं एक छोटं गाव. शेतकरी कुटुंबातला एकुलता एक पोरगा. शाळेत अपूर्णांक आले आणि गाडी अडली. पाव अधिक अष्टमांश म्हणजे किती, काही केल्या कळेना. आईनं त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि कापायला बसवलं. अर्धी, पाव, अष्टमांश. तुकडे जोडायचे, तुकडे काढायचे. मोठा प्रश्न कापून लहान केला की सुटतो, हे त्याला तिथे कळलं आणि जन्मभर पुरलं. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून आणि मिळेल ते काम करत तो कॉर्नेल विद्यापीठात शिकला. १९०१मध्ये इंजिनिअर झाला आणि बफेलो फोर्ज या कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर.

कंपनी पंखे आणि हीटर बनवायची. कॅरियरचं पहिलं काम लाकूड आणि कॉफी वाळवायच्या यंत्रणांचं. वाफेच्या गरम नळ्यांवरून पंख्यानं हवा सोडायची आणि ती गरम हवा मालापर्यंत न्यायची. आज गाडीचा हीटर हेच करतो, फक्त वाफेऐवजी इंजिनचं गरम पाणी वापरतो. पण कुठल्या वेगानं किती हवा सोडली की ती किती तापेल, याचे नीट आकडे कुणाकडेच नव्हते. सगळा अंदाजपंचे कारभार. या पठ्ठ्यानं बसून मोजमाप केलं, तक्ते बनवले. अंदाजानं होणारं नुकसान थांबलं आणि कंपनीनं प्रयोगांचा एक वेगळा विभागच त्याच्या हाती दिला.

कागद फुगला!

१९०२. ब्रुकलिनमधला सॅकेट-विल्हेल्म्स हा छापखाना वैतागला होता. रंगीत छपाईत एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा मशीनमधून जायचा. उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगायचा, हवा कोरडी झाली की आकसायचा. पहिला रंग एका जागी बसला, तर दुसरा केसभर बाजूला. चित्र फिसकटलंच.

प्रश्न कॅरियरकडे आला. १७ जुलै १९०२ या तारखेचे त्याचे आराखडे आधुनिक एसीचा जन्मदाखला मानले जातात. तेव्हा तो पंचविशीत होता, म्हणजे तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. छापखान्यातली आर्द्रता वर्षभर ५५ टक्क्यांवर ठेवायची, हे उद्दिष्ट. त्यासाठी त्यानं हवा थंड नळ्यांवरून नेली. हवा गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन नळ्यांवर जमते आणि उरलेली हवा कोरडी होते. कामगारांना गार वाटलं, ते बोनस.

थोडक्यात, पहिला एसी माणसांसाठी नव्हताच, कागदासाठी होता.

स्टेशनवरचं धुकं

त्याच वर्षाच्या शेवटी कॅरियर पिट्सबर्गच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होता. फलाटावर दाट धुकं. बाकीचे प्रवासी वैतागले असतील, याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. धुकं म्हणजे पाण्यानं काठोकाठ भरलेली हवा. आणि ठरावीक तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती पाणी मावतं, हे ठरलेलं असतं. मग आपणच हवेत पाण्याचे बारीक फवारे सोडून कृत्रिम धुकं तयार केलं आणि त्याचं तापमान ताब्यात ठेवलं तर? आर्द्रता आपोआप ताब्यात येईल! पाणी मारून हवा कोरडी करायची, ऐकायला वेडेपणाच वाटतो. पण २ जानेवारी १९०६ रोजी त्याला या यंत्राचं पेटंट मिळालं. १९११मध्ये त्यानं हवेचं तापमान आणि ओलावा यांचं नातं सांगणारी सूत्रं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मांडली. एसीचे इंजिनिअर आजही त्या पायावर काम करतात.

हे धुकं तुम्हीही बघता. जुलैच्या पावसात गाडीची समोरची काच आतून धुरकट होते आणि एसी लावला की साफ होते. तुमच्या श्वासातली वाफ गार काचेवर जमलेली असते. एसी तीच वाफ आतल्या कूलिंग कॉइलवर ओढतो, कोरडी हवा काचेवर सोडतो. उभ्या गाडीखाली पाणी ठिबकताना दिसतं ना? ते हेच. गळती समजून घाबरू नका.

पाय गारठले, डोकं तापलं

१९१४मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं आणि कंपनीनं धास्तीनं हे इंजिनिअरिंगचं काम गुंडाळायला घेतलं. कॅरियरसह सात इंजिनिअर बाहेर पडले. ३२,६०० डॉलर जमवून त्यांनी १९१५मध्ये स्वतःची कंपनी काढली. १९२२मध्ये कॅरियरनं अमोनियाशिवाय चालणारं नवं शीतयंत्र जगापुढे आणलं. आता गर्दीच्या जागी एसी बसवणं सोपं झालं.

पण गारवा तयार करणं वेगळं आणि तो माणसापर्यंत पोचवणं वेगळं. तेव्हा काही थिएटरांत गार हवा जमिनीतल्या झडपांतून सोडायचे. गार हवा जड, ती वर चढेचना. खाली बसलेल्यांचे पाय गारठायचे, लोक पायांना वर्तमानपत्रं गुंडाळून सिनेमा बघायचे आणि वर बाल्कनी तापलेलीच. यंत्र ठणठणीत होतं, चुकलेली होती ती हवेची वाट. कॅरियरचा सहकारी लोगन लुईस यानं ती उलटी केली. हवा छतातून सोडायची, जमिनीलगत ओढून घ्यायची. १९२२मध्ये लॉस एंजेलिसच्या मेट्रोपॉलिटन थिएटरमध्ये ही व्यवस्था बसली. १९२५मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात पहिल्या दिवशी लोक सवयीनं हातपंखे घेऊनच आले होते. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला, तोवर पंखे हलत राहिले. मग एकेक करून थांबले. कॅरियर तिथेच होता, डोळे त्या पंख्यांवर.

म्हणूनच गाडीत हीटरची हवा पायांशी आणि एसीची हवा छातीच्या उंचीवर येते. एसी लावल्यावर व्हेंट जरा वर वळवून ठेवा, गार हवा स्वतःच खाली येईल.

गाडीत गारवा

गाडीत कारखान्यातूनच बसवलेला एसी पहिल्यांदा दाखवला अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं, १९३९मध्ये. यंत्रणा डिकीत, हवा मागच्या सीटच्या पाठून. कॉम्प्रेसर बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! हे प्रकरण दोनच वर्षांत गुंडाळलं गेलं. ७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियर वारला, तेव्हा गाडीतला एसी ही दुर्मीळ चैन होती. १९५४मध्ये नॅश कंपनीनं हीटर आणि एसी एकत्र करून पुढे आणले. आज तुमच्या डॅशबोर्डमागे तसाच संसार असतो. एक पंखा, एक गार कॉइल, एक गरम कॉइल आणि हवेला वाट दाखवणारे फ्लॅप.

चार वस्तू, म्हणजे चार तुकडे. कॅरियरसारखं एकेक तपासा.

गॅरेजला जाण्याआधी

● ब्लोअरचा आवाज मोठा, हवा कमी: आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. धूळ आणि पाल्यानं भरला असेल तर बदला. हे काम बहुतेकदा घरीही जमतं.

● ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो: साध्या नॉबच्या एसीत बहुधा रेझिस्टर गेलेला असतो. शेवटच्या स्पीडला करंट त्याच्यातून जातच नाही, म्हणून तेवढा एकच चालतो.

● ब्लोअर गप्प: आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. स्वस्तापासून महागाकडे.

● तोंडावर हवा मागितली आणि काचेवर किंवा पायांवर आली: वाट बदलणारा फ्लॅप, त्याची केबल किंवा छोटी मोटर बिघडलीये. डॅशबोर्डमागून टकटक येत असेल तर संशय मोटरवरच.

● सुरुवातीला मस्त, मग हवा कमी कमी, थोडा वेळ बंद ठेवला की परत मस्त: कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. हवेतली वाफ तिथेच गोठते आणि वाट अडवते. कारण तुंबलेला फिल्टर, कमी झालेला गॅस किंवा बिघडलेला सेन्सर.

● पायाशी गालिचा ओला: कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली असेल.

● हवा जोरात, पण गार नाही: आता गॅस आणि कॉम्प्रेसरची पाळी. गरम-गार हवा मिसळणारा फ्लॅप अडकलाय का, तेही बघायला सांगा. आणि गॅस खरंच कमी असेल, तर नुसता भरून घेऊ नका. तो कुठून गळतोय ते आधी शोधायला लावा.