लग्नाचा दाखला

मैत्रिणींनो, आपल्या आई-आजीला कुणी लग्नाचा दाखला मागितला असता, तर त्यांनी काय दाखवलं असतं? फार तर मंगळसूत्र, नाहीतर एखादा पिवळा पडलेला फोटो. हा प्रश्न मनात आला की मला कस्तुरबा आठवतात. गांधीजींची सोशिक पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र परक्या देशाच्या कायद्याशी भांडलेल्या कस्तुरबा जास्त जवळच्या वाटतात.

१८६९ मध्ये पोरबंदरला जन्म, कोवळ्या वयात लग्न. १८९६ च्या अखेरीस मुलांना घेऊन त्या दक्षिण आफ्रिकेला निघाल्या. मुंबईत प्लेग आहे, असं कारण देऊन त्यांची बोट डरबनच्या बंदराबाहेर तीन आठवड्यांहून जास्त अडवून ठेवली. खरा राग होता तो हिंदी माणसं येतात याचा. १८९७ मध्ये नाताळ सरकारने कायदाच केला: येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. बायकामुलांना सूट होती, पण ती नवऱ्याच्या नात्याने. म्हणजे बाईचा देशात राहण्याचा हक्क तिच्या लग्नावर टांगलेला!

आणि मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयाने नेमका तोच धागा तोडला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेली, सरकारदरबारी न नोंदलेली लग्नं तिथे ग्राह्य धरली जाईनात. हिंदू, मुस्लिम, पारशी, सगळ्याच बायका एका निकालाने कायद्याच्या लेखी बायका उरल्या नाहीत. तीस वर्षं संसार केलेल्या, चार मुलांच्या आईला हे कसं झोंबलं असेल, सांगा बरं!

कस्तुरबांनी रडत बसण्याऐवजी तुरुंगात जायचं ठरवलं. सप्टेंबर १९१३ मध्ये सोळा जणांची तुकडी फिनिक्सहून निघाली, त्यात चौघी बायका. परवान्याशिवाय त्यांनी ट्रान्सवालची हद्द ओलांडली. नाव सांगायचं नाही, असं ठरलेलं, कारण गांधींची पत्नी म्हणून पोलिसांनी सोडून द्यायला नको! तीन महिने सक्तमजुरी झाली. मारित्झबर्गच्या तुरुंगातून त्या बाहेर आल्या त्या अगदी हाडाचा सापळा होऊन.

दुसऱ्या बायकांनी न्यूकॅसलच्या खाणकामगारांना संपावर जायला सांगितलं. करारातून सुटलेल्या मजुरांवर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. तो रद्द होईल, अशी आशा १९१२ मध्ये आपले नामदार गोखले तिथे जाऊन आले तेव्हा निर्माण झाली होती, पण सरकारने शब्द पाळला नाही. संप भडकला. तुरुंगातून तापाने फणफणून आलेली वल्लिअम्मा ही सोळा वर्षांची पोर १९१४ मध्ये गेली. त्याच वर्षी नवा कायदा आला. कर गेला, एकपत्नी लग्नांना मान्यता मिळाली.

कस्तुरबा १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेल्या, तेव्हाही कैदीच होत्या. आज परदेशी नवऱ्याकडे निघालेली मुलगी व्हिसासाठी लग्नाचा दाखला फाइलला लावते. तो कागद तिच्याजवळ असायलाच हवा. पण बाईचं असणं केवळ त्या कागदावर ठरू नये, यासाठी तुरुंगात गेलेल्या या बाईची गोष्ट तिला जरूर सांगा.