आपल्या गावचे दोन कवी भाऊ

समर्थ रामदास स्वामी आपल्या जांबचे. त्यांचे मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. जन्म 1608 सालचा, रामनवमीचा. आईचे नाव राणूबाई. नारायण लग्नाच्या मांडवातून पळाला ही गोष्ट पहिलीतल्या पोरांनाही पाठ आहे, म्हणून इथे परत सांगत नाही.

पण मागे राहिलेल्या भावाचे काय? वडील आधीच वारलेले. थोरल्या गंगाधरपंतांनी घर सांभाळले, आईला सांभाळले. आणि एवढे करून त्यांनीही कविता केली! 'भक्तिरहस्य' आणि 'सुलभोपाय' हे त्यांचे ग्रंथ. लोक त्यांना श्रेष्ठ म्हणत. कवितेतले त्यांचे नाव रामीरामदास.

नारायण 12 वर्षे नाशिकजवळ टाकळीला राहिला, पुढे 12 वर्षे देशभर हिंडला. मग एके दिवशी जांबच्या घरासमोर एक गोसावी येऊन उभा राहिला. आईचे डोळे तोवर गेले होते. मुलाने डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागले, असे सांगतात. आईला वाटले, पोराला एखादे भूत वश झाले की काय! तेव्हा समर्थांनी पद रचले. ते भूत म्हणजे राम, असे त्यात आईला सांगितले. हे पद नुसते वाचले तर हसू येते. पण आई एवढी वर्षे वाट बघत होती हे कळल्यावर वाचले, की गळा दाटून येतो.

पुढे समर्थ कृष्णाकाठी गेले. तिथे त्यांना कवीच सोबती मिळाले. वडगावचे जयरामस्वामी, निगडीचे रंगनाथस्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती आणि लांब भागानगरचे, म्हणजे हैदराबादचे, केशवस्वामी. समर्थ धरून हे पाच जण, म्हणून यांना रामदास पंचायतन म्हणतात. त्या वेळी छापखाना कुठला? कविता कीर्तनात ऐकायची, आवडली की हाताने उतरवून घ्यायची. समर्थांच्या शिष्या वेणाबाई लहानपणीच विधवा झालेल्या. त्या काळी अशा बाईने चारचौघांत उभे राहणे लोकांना खपत नसे. तरी त्या कीर्तन करीत. त्यांनी 'सीतास्वयंवर' लिहिले.

मनाच्या श्लोकांचीही गोष्ट आहे. चाफळला रामनवमीचा उत्सव जवळ आला आणि शिधा नव्हता. म्हणे समर्थांनी रात्रीतून 205 श्लोक सांगितले आणि कल्याणस्वामींनी ते उतरवून घेतले. सकाळी शिष्य दारोदार श्लोक म्हणत भिक्षेला गेले. झोळीत धान्य आले आणि श्लोक घरोघर राहिले.

समर्थांनी 1682 साली सज्जनगडावर देह ठेवला. श्रेष्ठ त्याआधीच, 1677 साली गेले. जांबला येणारे लोक समर्थांचे घर बघून जातात. श्रेष्ठांची समाधी दहिफळला आहे.