सियालदहजवळची एक खोली

मी काही लेखक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि डबे-वॅगनच्या देखभालीत वीसएक वर्षे गेली. माझे लेखन म्हणजे मेमो, फेल्युअरचे अहवाल आणि रजेचे अर्ज, आणि त्यातले काहीच मराठीत नसते. दरवर्षी आपले चिटणीस स्मरणिकेसाठी लेख मागतात आणि दरवर्षी मी एखादी जाहिरात मिळवून देऊन सुटका करून घेतो. यंदा मात्र लिहावेसे वाटले.

निमित्त झाली माझी भाची. नागपूरला मेडिसिनमध्ये एम.डी. करून ती यंदा कोलकात्यात संसर्गजन्य रोगांच्या तीन वर्षांच्या सुपरस्पेशालिटी शिक्षणासाठी आली. हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत मुक्काम आमच्या क्वार्टरमध्ये. हा विषय घेतला म्हणून ताईच्या घरी महिनाभर अबोला होता. भाऊजींचे म्हणणे असे की गुण चांगले होते, हृदयरोग मिळाला असता. तापाचे डॉक्टर गल्लोगल्ली बसलेले आहेत, त्यासाठी आणखी तीन वर्षे कशाला घालवायची?

पहिल्या दिवशी ती रात्री साडेनऊला घरी आली. ताटातले पिठले-भात निवून गेले तरी सांगतच होती. तिला स्वतःचा असा वॉर्ड जवळजवळ नाहीच. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून, अतिदक्षता विभागातून, रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डातून बोलावणे येते. तिथे जाऊन ताप का उतरत नाही ते शोधायचे, आणि पुष्कळदा चालू असलेल्या चार अँटिबायोटिकपैकी तीन बंद करा म्हणून सांगायचे. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही. दुपारी प्रयोगशाळेत जाऊन कल्चरच्या प्लेटा पाहायच्या. मध्येच भाऊजींचा फोन आला. बरे चालले आहे, एवढेच ती बोलली. फोन ठेवल्यावर मात्र मला विचारले की मामा, आपले काही चुकले तर नाही ना?

मी डिप्लोमावाला माणूस, डॉक्टरला काय सल्ला देणार? मी तिला डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांची हकिगत सांगितली. तिला नाव ठाऊक होते, परीक्षेपुरते. माणूस ठाऊक नव्हता.

मला ते कळले जमालपूरमुळे. नोकरीच्या सुरुवातीला प्रशिक्षणासाठी मी काही महिने जमालपूरच्या कारखान्यात होतो. १८६२ सालचा हा कारखाना आपल्याला ठाऊक आहे तो जॅक आणि क्रेनसाठी. तिथल्या एका वयस्कर बंगाली फोरमनसाहेबांनी सांगितले की या गावाने देशाला क्रेनपेक्षा मोठी गोष्ट दिली आहे. उपेंद्रनाथांचे वडील नीलमणी ब्रह्मचारी ईस्ट इंडियन रेल्वेचे जमालपूरला डॉक्टर होते. घराणे मूळचे वर्धमान जिल्ह्यातले. मुलाचा जन्म १९ डिसेंबर १८७३ चा, आणि बालपण व शाळा जमालपूरच्या रेल्वे वसाहतीत. म्हणजे तुमच्या-आमच्या मुलांसारखाच क्वार्टरमध्ये वाढलेला मुलगा.

हुशारी मात्र आपल्यासारखी नव्हती. १८९३ साली हुगळीच्या कॉलेजातून गणित आणि रसायन घेऊन बी.ए., पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.ए. मग वैद्यकाची पदवी, तीही मेडिसिन आणि शस्त्रक्रिया या दोन्हींत पहिला नंबर घेऊन. १९०२ साली एम.डी., १९०४ साली तांबड्या रक्तपेशी फुटण्याच्या क्रियेवर पीएच.डी. डॉक्टरही आणि रसायनशास्त्रज्ञही, अशी जोडी एका माणसात त्या काळी विरळाच. पुढचे सगळे या जोडीतून निघाले, असे मला वाटते.

संसर्गजन्य रोगांचे वेगळे शिक्षण तेव्हा इथे नव्हते. जे शिकायचे ते वॉर्डात, खाटेशेजारी उभे राहून. उपेंद्रनाथ चार वर्षे ढाक्याच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकवत होते. १९०५ साली ते कोलकात्याच्या कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्ये आले आणि १९२३ पर्यंत तिथेच राहिले. हे कॅम्बेल म्हणजे सियालदह स्टेशनला लागून असलेले आजचे नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज. आपल्यापैकी निम्मे लोक रोज त्याच्यासमोरून जातात. एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कॅम्बेल हे तेव्हा कॉलेज नव्हते. तिथे पदवी मिळत नसे, छोटा अभ्यासक्रम करून डॉक्टरकीचा परवाना मिळे. आमच्या भाषेत डिप्लोमावाले! मानाच्या जागा मेडिकल कॉलेजात, आणि तिथल्या वरच्या खुर्च्या बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या.

त्या काळी बंगाल, बिहार आणि आसामात काळा आजार गावेच्या गावे उठवत होता. महिनोन्महिने ताप, पोटात प्लीहा वाढून डाव्या बाजूला दगडासारखी लागते, अंगावरचे मांस झडते, कातडी काळवंडते. उपचार न मिळालेल्या दहांपैकी नऊ जण दगावत. तो मलेरियाच आहे असे वर्षानुवर्षे समजले जाई. १९०३ साली लीशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी, एकाने दमदमला आजारी पडलेल्या सैनिकाच्या प्लीहेत आणि दुसऱ्याने मद्रासच्या रुग्णांत, त्याचा वेगळा परोपजीवी दाखवला. तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो हे पक्के सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडले.

शत्रू सापडला, पण औषध नव्हते. ब्राझीलमध्ये आणि नंतर १९१५ च्या सुमारास इथेही टार्टर एमेटिक हा अँटिमनीचा क्षार शिरेतून द्यायला सुरुवात झाली. अँटिमनी आम्हा डबेवाल्यांच्या ओळखीचा. जुन्या वॅगनच्या बेअरिंगला जो व्हाइट मेटल असे, त्यात तो मिसळलेला असतो. असली वस्तू माणसाच्या शिरेत घालायची म्हणजे काय होत असेल! ओकाऱ्या, खोकला, हृदयावर परिणाम, आणि इंजेक्शने महिनोन्महिने. अर्धे रुग्ण औषधाला घाबरूनच पळत असतील.

उपेंद्रनाथांनी आधी अँटिमनीचे दुसरे क्षार करून पाहिले, मग त्या धातूचे अतिसूक्ष्म कण. समाधान होईना. जर्मनीत एर्लिक यांनी आर्सेनिकची सेंद्रिय संयुगे बनवून उपदंशावर औषध काढले होते. रसायनाच्या तक्त्यात आर्सेनिकच्या खालचे घर अँटिमनीचे. तेव्हा तसेच सेंद्रिय संयुग अँटिमनीचे का होऊ नये, या दिशेने ते निघाले. १९१९ च्या अखेरीस इंडियन रिसर्च फंड असोसिएशनकडून थोडे अनुदान मिळाले आणि कॅम्बेलमधल्या एका लहानशा खोलीत काम सुरू झाले. खोलीत गॅस नाही, वीज नाही, पाण्याचा नळ नाही. दिवसभर विद्यार्थी आणि रुग्ण, आणि रात्री रॉकेलच्या दिव्याच्या धुरात प्रयोग. आमच्या शेडमध्ये एक ट्यूबलाइट गेली तर काम बंद ठेवून मेमो लिहिणारे आम्ही, म्हणून हे वाचताना जरा लाजलो. १९२० साली याच खोलीत युरिया स्टिबामाइन तयार झाले. रात्री दहाच्या सुमाराची ती घटका ते पुढे आयुष्यभर आठवत राहिले, आणि ती धुरकट खोली आपले तीर्थक्षेत्र आहे असे त्यांनी लिहून ठेवले.

१९२२ साली पहिल्या मोजक्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले. महिन्यांचा उपचार आठवड्यांवर आला. त्यानंतर आसामात, विशेषतः चहाच्या मळ्यांत, हे औषध मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि प्रमाण उलटे झाले. जिथे दहांतले नऊ मरत, तिथे नऊ वाचू लागले. वाचलेल्यांची संख्या लाखांत जाते.

त्याच १९२२ साली त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. काळ्या आजारातून बरे झालेल्या काही माणसांच्या कातडीवर वर्षा-दोन वर्षांनी पांढुरके चट्टे आणि गाठी उठतात. परोपजीवी शरीरातून पूर्ण गेलेला नसतो, तो कातडीत दडून बसतो, आणि वाळूमाशी तिथूनच तो उचलून दुसऱ्याला देऊ शकते. इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर घरातही सांगितली नव्हती.

२००९ च्या सुमारास मी उत्तर बिहारमधील एका डेपोत होतो. माझ्या हाताखाली एक खलासी होता, कामाला वाघ. त्याला ताप लागला. गावातल्या डॉक्टरने आधी मलेरिया, मग टायफॉइड म्हणून अडीच महिने औषध दिले. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी काळा आजार निघाला. त्याला आधी अँटिमनीचीच इंजेक्शने दिली, पण गुण येईना. उत्तर बिहारमध्ये १९९० च्या दशकापासूनच, अपुऱ्या आणि अर्धवट उपचारांच्या वर्षांनंतर, निम्म्याहून अधिक रुग्णांना अँटिमनी लागू पडेनासा झाला होता. मग अँफोटेरिसिनचे सलाइन लावले आणि माणूस वाचला. रजा संपून तीन महिने बिनपगारी गेले ते वेगळेच.

तीन वर्षांनी त्याच्या गालावर आणि हनुवटीवर फिके डाग आले. डेपोत कुजबुज सुरू झाली की हा महारोग आहे. त्याचा पाण्याचा ग्लास वेगळा झाला. रोज दुपारी तो मला त्याच्या डब्यातली लिट्टी द्यायचा, ती मी पोट बरे नाही असे सांगून घेणे बंद केले. तो काही बोलला नाही, फक्त डबा घेऊन शेडच्या मागे बसू लागला. दोन महिन्यांनी पाटण्याहून तपासून आला तेव्हा कळले की हे काळ्या आजारामागून येणारे चट्टे आहेत आणि डब्यातल्या घासाने ते कोणाला लागत नाहीत. बारा आठवडे गोळ्या घेऊन डाग गेले. जमालपूरच्या ब्रह्मचारींनी हे ९० वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, ही माहिती मला त्यानंतर वाचनात मिळाली. आधी मिळती तर बरे झाले असते.

हे ऐकून भाचीने मला दोष दिला नाही. डाग नेमके कुठे होते, ते सपाट होते की उंच, त्यांना स्पर्श कळत होता का, असे एकामागून एक विचारत राहिली. महारोगाच्या डागात संवेदना जाते, यात ती राहते, हे तिने मला समजावले. त्या रात्री तिला झोप लागली असावी. मला लागली नाही.

उपेंद्रनाथांचे पुढचे आयुष्य मानाचे गेले, ते थोडक्यात सांगतो. १९२३ नंतर ते मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात होते, मग सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, उष्ण प्रदेशातील रोगांचे प्राध्यापक झाले. कॉर्नवालिस स्ट्रीटवरच्या घरी त्यांनी स्वतःची संशोधन संस्था काढली. १९३४ साली सर झाले, १९३६ साली इंदूरला भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नोबेलसाठी १९२९ साली आणि पुन्हा १९४२ साली त्यांचे नाव गेले, मिळाले नाही. रॉयल सोसायटीनेही त्यांना आत घेतले नाही. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी ते गेले. आपल्या मुंबईत परळला हाफकिन यांचे नाव लहान मुलालाही ठाऊक असते. ब्रह्मचारींचे नाव मी शाळेच्या पुस्तकात कधी वाचल्याचे आठवत नाही.

त्यांच्या औषधाची जागा आता दुसऱ्या औषधांनी घेतली आहे. अँफोटेरिसिनचा नवा प्रकार सलाइनमधून एकदाच दिला की बहुतेक रुग्ण बरे होतात. २०२३ साली बांगलादेशातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, आणि त्याच वर्षी आपल्याकडचे सगळे बाधित तालुके दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण या मर्यादेत आले. ही मर्यादा टिकवायची तर चट्टेवाले शोधत राहावे लागणार, असे भाची म्हणते.

परवाच्या रविवारी मी, सौ. आणि भाची सियालदहला उतरून नीलरतन सरकारच्या आवारात गेलो. ती खोली कुठे होती ते कोणाला सांगता येईना. एका वॉर्डबॉयने आम्हाला औषधाच्या खिडकीकडे पाठवले, तिथल्या बाईंनी चौकशीकडे. उपेंद्रनाथांनीच लिहिले आहे की त्यांच्या हयातीतच तिथे प्रयोगशाळेची खूण उरली नव्हती. भाचीला चार वाजता कल्चरच्या प्लेटा पाहायला परत जायचे होते. फाटकाबाहेर मातीच्या भांड्यातला चहा घेतला आणि तिला बसमध्ये बसवून दिले. घरी आल्यावर मी त्या खलाशाचा नंबर शोधून फोन लावला. तो आता टेक्निशियन झाला आहे. मुलगी बारावीला आहे, पुढच्या वेळी इकडे आलात तर लिट्टी खायला या म्हणाला.